दोन माइकांचा स्विच

"कोन हात घातला यात?"

रेडिओ न्या, मिक्सर न्या, पंखा न्या, त्याचा पहिला प्रश्न हाच. या नाही, बसा नाही, काय बिघडलंय हेसुद्धा नाही. वस्तू उताणी करायची, चार स्क्रू काढायचे, चष्मा कपाळावर ढकलून आत नाक घालायचं आणि आपल्या आधी ज्या कुणी ती उघडली असेल त्याचा उद्धार सुरू करायचा. तो आधीचा माणूस बिचारा कुठे हुमनाबादला नाहीतर उदगीरला आपल्या दुकानात चहा पीत असेल. इकडे आमच्या सीमाभागातल्या चिटगुप्प्यात त्याची अब्रू निघत असे.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेलच. कामाला सोनं आणि तोंडाला कडू कारलं. आमचा हा बसस्टँडच्या मागे, जिन्याखालच्या खोपट्यात बसायचा. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, म्हणजे ‘ते’ असं लिहायला हवं. तोंडावर मी ‘अप्पा, तुम्ही’ असंच म्हणत होते, सगळेच म्हणायचे. पण लिहायला बसल्यावर तो ‘ते’ काही माझ्या हातून उमटत नाही. ज्यानं उभ्या जन्मात गिऱ्हाइकाला मान दिला नाही, त्याला मी का म्हणून द्यावा?

दुकानात एक स्टूल होतं. त्यावर एक जुना ट्रान्सफॉर्मर ठेवलेला असे. ट्रान्सफॉर्मरला बसायला जागा, माणसानं उभं राहायचं. मी एकदा तो उचलून खाली ठेवला आणि बसले. त्यानं काम थांबवलं. मी उठेपर्यंत हातातली पक्कड हलवली नाही. शेवटी मीच उठले, ट्रान्सफॉर्मर पुन्हा जागेवर ठेवला, तेव्हा कुठे स्वारीचे हात चालू झाले.

अपमान करायला त्याच्याकडे तीन भाषा होत्या. मराठी माणसाला तो कन्नडात झापायचा, कन्नड माणसाला दखनी उर्दूत, आणि दखनी बोलणारा आला की मराठीत. आपल्या इकडे सगळ्यांना तिन्ही कळतात, त्यामुळे सुटका कुणाचीच नव्हती.

बँकेतले एक साहेब नवाकोरा स्पीकर घेऊन आले होते. हा एवढा मोठा, आत लाल-निळे दिवे फिरणारा. म्हणाले, आवाज फाटतोय. यानं बोटाच्या पेरानं त्यावर दोनदा टकटक केलं, भोपळा बघतात तसं.

"आत काय बी न्हाई. दिवे तेवढे लई हायत. दिवाळीला दारात लावा."

झालं. उघडलासुद्धा नाही. साहेब तो स्पीकर पोटाशी धरून रिक्षा शोधत उभे राहिले. मी तिथेच होते. मला हसू आलं आणि त्या हसण्याची लाजही वाटली, कारण पुढचा नंबर माझा होता.

माझा मिक्सर होता. आदल्या दिवशी मीच मागचा स्क्रू आवळून बघितला होता.

"कोन हात घातला यात?"

"मी."

"तुमी? बाई, शाळेत एखांदा पोरगा पोट दुखायलंय म्हनला तर त्याचं पोट फाडताव का?"

"पोट नाही फाडत. कान पिरगाळते. तुमच्या पोराचा कितीदा पिरगाळलाय, विचारा त्याला."

"बाईमानसानं मशिनीला शिवायचं न्हाई. करंट हाय यात. स्वयंपाक करा, भजन म्हना."

मी तीस वर्षं सरकारी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. विद्युतप्रवाहाचा धडा किती पोरांच्या डोक्यात घातला, त्याची गणती नाही. आणि हा मला करंट सांगतो! असा संताप आला होता. पण तो मिक्सर त्यानं असा केला की अजून चालतोय. नवा घ्यायला निमित्तच मिळत नाही. हेच तर त्या माणसाचं दुखणं होतं. त्याला शिव्या घालाव्यात तर घरातल्या अर्ध्या वस्तू त्याच्याच हाताखालून गेलेल्या.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बायकांच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर.

हा अँप्लिफायर माझ्याही आधीचा. मी बदलीवर या गावात आले तेव्हा तो देवळात होताच. व्हॉल्व्हचा, लोखंडी पेटीतला, दोन माणसांना उचलायला लागणारा. चालू केला की आत काचेचे दिवे हळूहळू तांबडे होतात आणि मग आवाज येतो. आवाज मात्र असा मऊ, की बाहेरच्या कर्ण्यातूनही माणूस माणसासारखाच वाटतो. मंडळाला तो एका दानशूर बाईनं दिलेला, त्यामुळे तो देवळाचा नाही, बायकांचा. हे आम्ही कमिटीला वर्षातून एकदा तरी ऐकवत असू.

श्रावणातले सोमवार आमचे. दुपारी तीनला बसायचं, दिवेलागणीला उठायचं. देवळाच्या मंडपात डावीकडे कन्नड म्हणणाऱ्या बायका, उजवीकडे मराठी. तिकडून शरणांचं एक वचन, की इकडून एक अभंग. पुन्हा तिकडून वचन. आपल्या भागात हे असंच चालतं, यात आम्हाला काही विशेष वाटत नाही. महादेवी अक्का तिकडची मुख्य, मी इकडची. दोन्हीकडे एकेक माइक. पण दोन्ही माइक एकदम चालू ठेवले की कर्णा कुत्र्याच्या शेपटावर पाय पडल्यासारखा किंचाळतो. म्हणून पेटीच्या तोंडाशी एक फिरवायचा स्विच. इकडे फिरवला की कन्नड माइक, तिकडे फिरवला की मराठी. जी बाई जवळ बसली असेल ती फिरवायची.

त्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर सराव करताना तो स्विच मेला. बटण गरागरा फिरायचं, पण आत काही हलायचं नाही. कन्नड माइकवरच अडकून बसला.

पहिल्या दिवशी हसण्यावारी गेलं. दुसऱ्या दिवशी एकच माइक इकडून तिकडे द्यायला लागलो. वायर कुणाच्या जोडव्यात अडकली, कुणाच्या मांडीवरून गेली, आणि दर वेळी अभंगाची पहिली ओळ हवेत. तिसऱ्या दिवशी कुणी किती वेळ माइक धरून ठेवला यावरून तोंडं सुटली. "स्विच बी तुमच्याच बाजूचा निघाला," असं इकडची एक बोलून गेली. तिकडच्या दोघी उठून घरी गेल्या, त्या चौथ्या दिवशी आल्याच नाहीत. इतक्या वर्षांत आम्ही कधी भाषेवरून भांडलो नव्हतो. एका बटणानं ते करून दाखवलं.

त्यात कमिटीचा अध्यक्ष आला. माझाच विद्यार्थी. वर्गात भागाकार आला की ज्याच्या पोटात दुखायचं, तो आता देवळाचा कारभार बघतो.

"बाई, पयल्या सोमवारपर्यंत तुमचा डबा चालू झाला तर बरं. न्हाई तर आमचे बॉक्स हायत. पेनड्राइव्ह लावतो. तुमी निवांत बसून ऐका."

"त्या बॉक्सना आमचे माइक जोडून दे की."

"ते तरुण मंडळाच्या पोरांचे हायत बाई. पोरं बायकांना कशाला हात लावू देतील?"

निवांत बसून ऐका! वर्षभर घरात निवांत बसूनच असतो का आम्ही? वर्षातले चार-पाच सोमवार आमचा आवाज गावावरून जातो. सुना-नातवंडं, नवरे, दुकानदार, सगळे तीन तास मुकाट ऐकतात. एकदा पेनड्राइव्ह लागला की तो पुढच्या श्रावणात निघत नाही, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. पहिल्या सोमवारपर्यंत स्विच झाला तर मंडळ, नाही तर संपलं. इतकं साधं होतं.

म्हणून मी नाक मुठीत धरून त्या खोपट्यात गेले. रिक्षावाल्यानं आणि मी मिळून पेटी टेबलावर ठेवली. स्वारीनं खालचं झाकण काढलं, चष्मा कपाळावर ढकलला, आत बघितलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की मला वाटलं एखादं सोन्याचं नाणं सापडलं.

"कोन गाढव हात घातला यात?"

त्यानं चिमट्यानं एक तुकडा बाहेर काढला. स्विचच्या आत काळ्या चकत्या असतात, त्यांवर पितळेच्या बारीक पट्ट्या. त्यातली एक पट्टी मूळची नव्हती. बॅटरीच्या आतली पितळी पट्टी कापून कुणीतरी तिथे बसवली होती, आणि ती चकतीला चिकटवली होती बांगड्यांच्या लाखेनं. लाल लाख. अजून तिच्यावर चमकीचे दोन कण होते. ती लाख वाळून तडकली होती आणि पट्टी सुटून पडली होती.

"बांगडीची लाख! अरे, अँप्लिफायर हाय का कासाराचं दुकान? आन ही पट्टी बघा, केवडी रुंद कापलाय. कापायचं बी कळना त्याला."

ती पट्टी आणि लाखेचा तुकडा त्यानं पावडरच्या डब्याच्या झाकणात ठेवला आणि झाकण दर्शनी भागात. येईल त्याला तो नमुना दाखवायचा. पोस्टमन, चहावाला, शेजारचा टायरवाला, कुणालाही सोडलं नाही. "बगा, असे बी मेकॅनिक होऊन गेलेत." पंधरा दिवस त्या बिनचेहऱ्याच्या माणसावर त्यानं इतकं तोंडसुख घेतलं, की माझ्यासारखीलासुद्धा त्याची दया यायला लागली.

स्विच मात्र मिळेना. तसला स्विच आता कुणी बनवत नाही. मी आपली हुशारी म्हणून मोबाइलवरून एक मागवला. चार दिवसांत घरपोच आला. मी मोठ्या तोऱ्यात त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तो हातात घेतला, बटण एकदा फिरवलं, आणि वाऱ्यानं उडणाऱ्या एका कागदावर ठेवून दिला.

"चांगला हाय. वजन हाय त्याला."

पुढे तो स्वतः बसनं गुलबर्ग्याला गेला. कलबुर्गी म्हणायची सवय आम्हाला अजून झालेली नाही. तिथल्या एका जुन्या साउंडवाल्याच्या माळ्यावरून त्यानं तसलाच दिसणारा, तेवढ्याच चकत्यांचा, वापरलेला स्विच शोधून आणला. येताना बस मुडबीपाशी बंद पडली, तर ड्रायव्हरला बाजूला सारून याचा उपदेश सुरू. कंडक्टर आमच्या गल्लीतला, त्यानंच मला सांगितलं. बस या माणसामुळे चालू झाली नाही, पण ड्रायव्हर मात्र पुढे तासभर कुणाशी बोलला नाही म्हणे.

स्विच बसला. गुरुवारी दुपारी आम्ही मंडपात चाचणी घेतली. सोमवारला चार दिवस होते. रुसलेल्या दोघीसुद्धा आल्या होत्या. महादेवी अक्कांनी वचन म्हटलं, संपलं, मी बटण फिरवलं आणि कर्ण्यातून धाडकन आवाज आला. पाटा उंचावरून पडावा तसा. कुणाच्या तरी कडेवरचं लेकरू दचकून रडायला लागलं. अभंग संपला, पुन्हा फिरवलं, पुन्हा धाड. दर फेरीला धाड. देवळावरची कबुतरं उडून गेली ती परत येईनात.

अध्यक्ष दारात उभा. "बाई, भजन हाय का विहिरीला सुरुंग लावायलाव?"

मी तशीच पेटी रिक्षात घालून दुकानात गेले. तो म्हणाला, "जुन्या मालाचा आवाज होतोच. कान सवय करून घेतात."

"आधी कधी झाला नव्हता. त्या गाढवाच्या पट्टीनं एवढी वर्षं हूं का चूं केलं नाही."

"तर त्या गाढवालाच बोलवा."

बोलवतेच, म्हटलं. तिथून तडक महादेवी अक्कांच्या घरी. अक्का ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, "अक्का, हा अँप्लिफायर पूर्वी कुणी दुरुस्त केला होता? तुम्ही म्हणाला होतात ना, हुमनाबादचा कुणी? त्याला शोधून काढू."

अक्कांनी शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"कुठला हुमनाबादचा. शांतक्का केली ती."

शांतक्का कोण, ते मला कळायला क्षणभर लागलं. मी गावात यायच्या आधीच ती वारली होती. शांतक्का म्हणजे त्याची बायको.

अक्कांनी सांगितलं ते असं. खूप वर्षांपूर्वी हाच स्विच असाच मोडला होता. बायकांनी पेटी याच्याच दुकानात आणून ठेवली. हा म्हणाला, भजनाला माइक कशाला लागतो, देव काय बहिरा आहे? आणि पेटी पायानं टेबलाखाली सरकवली. महिना गेला. शांतक्का रोज दुपारी त्याचा डबा घेऊन दुकानात यायची, तो जेवेपर्यंत उभी राहायची आणि त्याचे हात बघायची. एक दिवस तो सामान आणायला गुलबर्ग्याला गेला. तिनं दुकान उघडलं. ती लोकांची पोलकी शिवायची. मापाचं पोलकं खाली ठेवून नवं कापतात, तशी तिनं मोडकी पट्टी खाली ठेवून बॅटरीची पट्टी कापली. डाग द्यायचं, म्हणजे सोल्डरिंगचं, यंत्र तिला हाताळता येईना, म्हणून हातातली बांगडी फोडून लाख वितळवली. पेटी बायकांच्या हाती दिली आणि म्हणाली, हुमनाबादहून करून आणली म्हणा.

"आणि तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नाही?"

"शपथ घातली होती तिनं. त्याला कळलं तर दुकानात येऊ देणार न्हाई म्हनली." अक्कांनी पुढची शेंग उचलली. "आता कुनाला कोन येऊ देणार न्हाई?"

आता जे मी केलं ते सांगायलाच हवं. घरी जाऊन शांत व्हायचं, दुसऱ्या दिवशी एकटा गाठून सांगायचं, हे शहाण्या माणसाचं काम. मी शहाणी नव्हते. पंधरा दिवसांचा, नव्हे, वीस वर्षांचा राग माझ्या हातात कोलीत देऊन उभा होता. मी परत दुकानात गेले. तिथे दोन गिऱ्हाइकं होती, आणि तो त्यांना ते झाकणच दाखवत होता.

"बगा ना, लाख! कसले कसले गाढव..."

"गाढव नाही अप्पा," मी म्हणाले, चांगल्या मोठ्यानं, टायरवाल्यालाही ऐकू जाईल असं. "तुमच्या बायकोनं बसवलीय ती. तुम्ही पेटी पायानं ढकललीत म्हणून. तुमच्या मागं, तुमच्याच टेबलावर. आणि ती इतकी वर्षं चालली. तुम्ही बसवलेला चार तास चालला नाही."

मला वाटलं तो उसळेल. तिन्ही भाषांत बोलेल. त्यासाठी मी तयार होते, पदर खोचून उभी होते म्हणा ना. त्यानं झाकण खाली ठेवलं. मग ते दोन्ही हातांनी उचलून मागे, स्वतःच्या बाजूला घेतलं. लोकांना दिसणार नाही असं.

"उद्या या," तो त्या दोघांना म्हणाला. "या" हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

ते गेले. मी उभी होते. जिंकल्यावर माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला तर त्या खोपट्यातून पळून जावंसं वाटत होतं.

"डबा घेऊन यायची," तो म्हणाला. "मी म्हनायचो, ठेव आन जा, उन्हात उभं ऱ्हाऊ नको. ती जायची न्हाई. मला वाटायचं, रिकामा डबा न्यायला थांबायलीय."

मग त्यानं स्टुलावरचा ट्रान्सफॉर्मर उचलून जमिनीवर ठेवला. मी बसले. कुणी कुणाला बस म्हटलं नाही.

त्यानं भिंग डोळ्याला लावलं आणि ती पट्टी उलटसुलट बघत राहिला. नंतर बोलला तो माझ्याशी नाही, त्या पट्टीशी बोलल्यासारखा.

"रुंद हाय. मूळची बी येवडीच असनार. एक माइक सुटायच्या आधी दुसरा धरते. मधी रिकामं ऱ्हात न्हाई. मधी रिकामं ऱ्हायलं की धाड होतंय." भिंग काढलं. "मी आनलेल्याची पट्टी अरुंद हाय. पंधरा दिवस मी लोकांला दाखवलो, पन बघितलो न्हाई."

"आणि लाख?"

"लाख करंट धरत न्हाई. बरोबर हाय लाख." आणि पट्टी झाकणात ठेवत, "बाई, लाखेची बांगडी हाय का घरी? तिच्या हायत माझ्याकडं. पन मोडायचं मन होईना."

मी हातातली काढून दिली. त्यानं ती माझ्यासमोर फोडली नाही. तेवढी रीत त्याला होती, हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी दोन वाजता, तीच पट्टी नव्या लाखेनं बसवून, तो स्वतः रिक्षानं पेटी घेऊन देवळात आला. धुतलेलं धोतर, अंगात इस्त्रीचा सदरा. आल्या आल्या कर्ण्याची वायर बघून "कसलं वेडंवाकडं बांधलाव" म्हणून आमच्यावर खेकसला, तेव्हा कुठे आम्हा बायकांच्या जिवात जीव आला. जोडणी झाली. बटण फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. चिडीचूप. आवाज इकडून तिकडे असा गेला की गेल्याचं कळलंच नाही. अध्यक्ष कोपऱ्यात पेनड्राइव्ह बोटांत फिरवत उभा होता. त्यानं तो खिशात घातला.

आता हा जाईल असं आम्हाला वाटलं. तो गेला नाही. महादेवी अक्कांजवळ जाऊन उभा राहिला. खाली बघत विचारलं, "अक्का, ती कंच्या बाजूला बसायची? कन्नड का मराठी?"

"दोन्हीकडं न्हाई," अक्का म्हणाल्या. "तिला गळा न्हवता अप्पा. ती मधी बसायची. स्विच फिरवायची."

तो पेटीमागे जाऊन बसला. मांडी घालून, भिंतीला न टेकता. कुणी त्याला बस म्हटलं नाही आणि ऊठही म्हटलं नाही.

भक्तिभाव वगैरे त्याला अंगाला लागला असं समजू नका. दोन अभंगांच्या मध्ये तो फिसकारायचा, "माइक खायलाव कामून? लांब धरा." एकीला म्हणाला, "तुमी टाळ्या वाजवा, तेच बरं हाय." ती रडकुंडीला आली. पण स्विच मात्र त्या श्रावणात दुसऱ्या कुणी फिरवला नाही. शेवटचा स्वर हवेत असतानाच त्याची बोटं बटणावर असायची.

संक्रांतीच्या आधी तो गेला. छातीत दुखायला लागलं, गुलबर्ग्याला नेईपर्यंत वेळ मिळाला नाही. खोपट्यात आता मोबाइलची रंगीत कव्हरं लटकतात. मंडळ चालू आहे, अँप्लिफायर चालू आहे, आणि चार लोकांसमोर बोलल्याबद्दल त्याची माफी मागायची मात्र राहून गेली. आज मागते, उद्या मागते, असं करता करता मीच मोठेपणा धरून बसले. त्याच्या तोऱ्यावर इतकं बोलले मी, माझा काय कमी होता?

त्या श्रावणातला तिसरा सोमवार मला आठवतो. इकडचा अभंग संपला. आता तिकडचं वचन. त्याची बोटं बटणावर होती, पण ती फिरलीच नाहीत. तो पेटीच्या जाळीतून आतल्या तांबड्या दिव्यांकडे बघत होता, आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून सदऱ्यावर उतरत होतं. पुसायचंही भान नव्हतं. महादेवी अक्कांनी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि बिनमाइकचं, नुसत्या गळ्यानं वचन सुरू केलं. चालू माइक आमच्यापुढे होता. आमच्या बाजूच्या बायकांनी बांगड्या हातांनी दाबून धरल्या, एक खोकणारी होती तिनं तोंडात पदर कोंबला, बाहेर काही जाऊ नये म्हणून. एरवी माइक गेला की पाचजणी ओरडतात. त्या दिवशी मीसुद्धा गप्प बसले.

कर्णा मुका झालेला बघून अध्यक्ष बाहेरून धावत आला आणि दारातूनच ओरडला, "बाई, बंद पडलं का?"

मी माइकवर तळहात ठेवला.

"चालू आहे," मी म्हणाले. "बस खाली."